ट्रॅव्हल नर्सिंग: एजन्सीच बदलू की फक्त रिक्रूटर? एक्स्टेन्शनवर शुक्रवारपर्यंत सही करायचीय

सांगलीकर_आरएन

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी टेलीमेट्रीची (पेशंटच्या हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघणारा वॉर्ड) नर्स. सांगलीला जीएनएम केलं, मग पोस्ट बेसिक, मिरजेत चार वर्षं वॉर्ड केला, लग्नानंतर इकडे अमेरिकेत आले, एनक्लेक्स (इथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा) दिली, ग्रीन कार्ड आल्यावर ट्रॅव्हलिंग सुरू केलं, म्हणजे एजन्सीमार्फत काही आठवड्यांच्या काँट्रॅक्टवर गावोगावच्या हॉस्पिटलला जायचं. घर ह्यूस्टनजवळ, नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा तिथेच असतात, सासूबाई वर्षातले सहा महिने येऊन राहतात म्हणून हे सगळं जमतंय. सध्या मी कॅलिफोर्नियात सेंट्रल व्हॅलीतल्या एका गावात आहे, एकाच हॉस्पिटलला १३-१३ आठवड्यांची तीन काँट्रॅक्ट झाली, तिसरं अजून दोन आठवड्यांनी संपतंय. युनिट चांगलं आहे, मॅनेजर स्वतः येऊन म्हणाली की थांब, आणि खरं सांगायचं तर टेलीला १:४ रेशो (एका नर्सला चार पेशंट) असल्यावर काम करायला जीव राहतो, टेक्ससला मी सहा-सहा पेशंट घेतलेत, मला फरक माहितीये.

प्रॉब्लेम एजन्सीचा आहे, की रिक्रूटरचा (एजन्सीतलं आपल्याला जागा मिळवून देणारं माणूस), तेच कळत नाहीये. आधीची माझी रिक्रूटर सोन्यासारखी होती. माझं पहिलंच काँट्रॅक्ट दुसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलने कॅन्सल केलं, मी एअरबीएनबीचे पैसे भरून बसलेली, रात्री अकराला फोन केला तर तिने उचलला आणि पाच दिवसांत मला दुसरी जागा मिळवून दिली. दीड वर्ष तिच्याच भरवशावर काढलं. फेब्रुवारीत ती एजन्सी सोडून गेली आणि माझी फाईल दुसऱ्या मुलीकडे दिली. ही नवीन बोलायला गोड आहे, प्रत्येक मेसेजला बदाम पाठवते, पण काम पुढे सरकत नाही.

दोन गोष्टी सांगते.

एक, जेवणाच्या सुट्टीचे पैसे. कॅलिफोर्नियात पाच तासांच्या आत अर्ध्या तासाचा लंच मिळाला नाही तर एक तासाचा जादा पगार द्यावा लागतो. बारा तासांच्या शिफ्टला दुसरा लंच मी सही करून सोडला होता पण पहिला नाही. मार्चपासून पाच नाइट अशा झाल्या की पहिल्या पाच तासांत बसायलाच मिळालं नाही, एका रात्री तर लागोपाठ दोन रॅपिड रिस्पॉन्स (पेशंट अचानक बिघडल्याचे कॉल) आणि एक पेशंट कार्डिझेम या हृदयाच्या औषधाच्या ड्रिपवर, मी डबा उघडला पहाटे साडेतीनला आणि पोहे नुसते चिवट झालेले. पाचही वेळा क्लॉकवर 'नो लंच' मारलं, चार्ज नर्सची सही घेतली. पगाराच्या स्टबवर एकदाही ते पैसे नाहीत. चार ईमेल केल्या, दर वेळी उत्तर एकच, पेरोलला कळवते.

दोन, आताची एक्स्टेन्शनची, म्हणजे हेच काम अजून १३ आठवडे वाढवायची, ऑफर. आत्तापर्यंत आठवड्याला २२५० मिळत होते: ताशी २६ टॅक्सेबल, ३६ तासांचे ९३६, राहण्याचा स्टायपेंड (भत्ता) ८४०, जेवणाखाण्याचा ४७४. आता म्हणतेय २०५०. टॅक्सेबल आणि जेवण तेवढंच ठेवलंय आणि राहण्याचे ८४० चे ६४० केलेत. का विचारलं तर म्हणे हॉस्पिटलने बिल रेट (हॉस्पिटल एजन्सीला देतं तो दर) कमी केला. आणि माझ्याच फ्लोअरवरची एक फिलिपिनो मैत्रीण, तीच स्पेशालिटी, तीच नाइट, दुसऱ्या एजन्सीतून तिला एक्स्टेन्शन मिळालं २२१० ला. म्हणजे आठवड्याला १६० चा फरक, १३ आठवड्यांचे २०८० डॉलर. मुलाचं पूर्ण समर कॅम्प निघतं त्यात.

तर मी तिच्या एजन्सीत जाऊ का? की याच एजन्सीत रिक्रूटर बदलून मागू? आधीच्या रिक्रूटरच्या नवीन एजन्सीत जावं असंही मनात येतं. भीती इन्शुरन्सची आहे, मुलगा माझ्याच इन्शुरन्सवर आहे, त्याला दमा आहे, नवरा काँट्रॅक्टवर आहे आणि त्याच्या कंपनीचा इन्शुरन्स नाही. शुक्रवारी सही करायची आहे. कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

आयसीयू_कोल्हापूर

ताई, विचार कसला करताय, सोडा. पाच शिफ्टचे हक्काचे पैसे देत नाहीत आणि वर दोनशे कापतायत. मी चार वर्षांत पाच एजन्सी केल्या, कोणाशीही लग्न लावलेलं नाही. ज्या दिवशी मैत्रिणीने २२१० सांगितलं त्याच दिवशी तिच्या रिक्रूटरला फोन करायला हवा होता. आजच करा, प्रोफाइल टाका, सोमवारी तिकडून सबमिट व्हा (एजन्सीकडून नाव पाठवून घ्या) त्याच युनिटला.

नाइटशिफ्ट_पुणे

दादा थांबा जरा, त्याच युनिटला दुसरीकडून सबमिट व्हा हे सांगू नका, ताईंचं नुकसान होईल.

मी स्वतः रिक्रूटर आहे, पुण्यात बसून अमेरिकन हेल्थकेअर स्टाफिंगचं काम करतो, संध्याकाळी साडेसहाला कॅब येते आणि पहाटे चारला घरी सोडते, सात वर्षं झाली. ताईंची एजन्सी कोणती ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही, पण आतून हे कसं चालतं ते सांगतो म्हणजे निर्णय सोपा होईल.

हॉस्पिटल एजन्सीला तासाला जे देतं तो बिल रेट. त्यातूनच तुमचा टॅक्सेबल पगार आणि स्टायपेंड जातात, तुमच्या टॅक्सेबल पगारावर एजन्सीच्या वाट्याचे ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर जातात, वर्कर्स काँप (कामावरच्या दुखापतीचा विमा), मालप्रॅक्टिसचा विमा, हेल्थ इन्शुरन्स, लायसन्स आणि फिजिकलचा खर्च, आणि मधे व्हीएमएस (जागा आणि टाइमकार्डची सिस्टीम) किंवा एमएसपी (हॉस्पिटलसाठी सगळ्या एजन्सी सांभाळणारी मधली कंपनी) असेल तर त्यांची फी. उरतं ते मार्जिन आणि बऱ्याच ठिकाणी त्याच मार्जिनवर रिक्रूटरचं कमिशन ठरतं. त्यामुळे एकाच युनिटला, एकाच बिल रेटवर, दोन एजन्सींचे आकडे वेगळे निघतात, आणि रिक्रूटर 'बिल रेट कमी झाला' म्हणाली तर ते खरं असेलही, नसेलही. पण तुमच्या मैत्रिणीला त्याच युनिटला २२१० मिळतायत. म्हणून मला वाटतं सगळे दोनशे हॉस्पिटलने कापलेले नाहीत.

आता मुख्य मुद्दा. एक्स्टेन्शन म्हणजे तुम्ही ज्या एजन्सीतून त्या हॉस्पिटलला आलात तिचाच हक्क, असं बहुतेक करारात लिहिलेलं असतं, काही महिने त्याच हॉस्पिटलला दुसऱ्या एजन्सीतून जाता येत नाही. तुमच्या काँट्रॅक्टची पीडीएफ उघडा, तेवढं एक कलम शोधा. आणि दुसरं, दोन एजन्सींनी एकाच नर्सला एकाच जागेसाठी सबमिट केलं तर हॉस्पिटल कटकट नको म्हणून दोन्ही बाजूला ठेवतं, हे मी दर महिन्याला बघतो, बिचाऱ्या नर्सला कळतही नाही की जागा का गेली. म्हणून कुठेही सबमिट करण्याआधी माझी परवानगी घ्या, असं प्रत्येक रिक्रूटरला ईमेलवर लिहून ठेवा.

म्हणजे मैत्रिणीचे २२१० हे तुम्हाला त्या हॉस्पिटलला मिळणार नाहीत, निदान लगेच नाहीत. ते फक्त घासाघीस करायला वापरा. रिक्रूटरला सांगा की आकड्यांची पूर्ण फोड लिहून पाठव आणि माझ्या माहितीप्रमाणे या युनिटला एवढा रेट चालू आहे. मैत्रिणीचं नाव घेऊ नका.

रिक्रूटर बदलणं हे त्यामानाने अगदी सोपं काम आहे. तिच्या मॅनेजरला दोन ओळींची ईमेल. तुमची फाईल, टायटर (लशींची प्रतिकारशक्ती बघायच्या रक्ततपासण्या), टीबी, मास्कची फिट टेस्ट, स्किल्स चेकलिस्ट, सगळं एजन्सीतच राहतं, पुन्हा काही करावं लागत नाही. आम्हाला वाईट वाटतं का, वाटतं, पण आठवड्याभरात विसरतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

लंचच्या पैशांचं: हा रिक्रूटरच्या हातातला विषयच नाही, पेरोलचा आहे. आणि पेरोलला दिसतं ते हॉस्पिटलने सिस्टीममधे अप्रूव्ह केलेलं टाइमकार्ड. तुमच्या युनिटच्या मॅनेजरकडून त्या पाच तारखांचं अप्रूव्हल स्क्रीनवर बघून घ्या. तिथे 'नो लंच' दिसत असेल तर चूक एजन्सीची, दिसत नसेल तर हॉस्पिटलची. हे कळल्याशिवाय एजन्सी वाईट असं ठरवू नका.

सांगलीकर_आरएन

दादा खूप खूप धन्यवाद, हे कोणीच नीट सांगितलं नव्हतं. पीडीएफ उघडली, कलम आहे, सहा महिन्यांचं. म्हणजे मैत्रिणीची एजन्सी या हॉस्पिटलसाठी बाद.

टाइमकार्डचं आज रात्री मॅनेजर सातपर्यंत असते तेव्हा बघते.

मिरजेची_मावशी_न्यूजर्सी

अगं मिरजेत कुठे होतीस? मी पण तिथलीच, ८० च्या दशकातली बॅच. इकडे २२ वर्षं झाली, त्यातली ९ ट्रॅव्हलिंगची, आता गुडघ्यांमुळे घराजवळच पर डीएम (लागेल तशा सुट्या शिफ्ट) करते.

तू त्या आधीच्या पोरीच्या मागे तिच्या नवीन एजन्सीत जायचं म्हणतेस ना, त्याबद्दल मला सांगायचंय. माणूस चांगलं असणं आणि एजन्सी चांगली असणं, याची मी फार गल्लत केली. २०२२ ची गोष्ट. कोविडचे रेट उतरायला लागले होते. माझ्या काँट्रॅक्टचा पाचवा आठवडा, डबल शिफ्ट करून पार्किंगमधे आले आणि फोन आला, उद्यापासून आठवड्याला अकराशे डॉलर कमी, नवीन कागदावर सही कर नाहीतर शिफ्ट कॅन्सल. सही केलेलं काँट्रॅक्ट हातात होतं माझ्या! रिक्रूटर बिचारा फोनवर अक्षरशः रडत होता, त्याची आणि माझी तीन वर्षांची ओळख, त्याच्या मुलीच्या बारशाचे, म्हणजे त्यांच्यातल्या बाप्तिस्म्याचे, फोटो मला आलेले. पण कागद एजन्सीचा होता, आणि त्या कागदात बारीक अक्षरात लिहिलं होतं की हॉस्पिटलने रेट बदलला तर एजन्सी बदलू शकते. मी ते कधी वाचलंच नव्हतं, कारण तो सांगतोय ना, मग ठीकच असणार. त्या वर्षी खूप जणींबरोबर हे झालं, कोर्टात पण केसेस गेल्या.

तेव्हापासून मी एजन्सी कागदावरून निवडते. गॅरंटीड अवर्स किती, हॉस्पिटलने शिफ्ट कॅन्सल केली तर पैसे मिळतात का आणि किती शिफ्टपर्यंत नाही, मी आजारी पडले तर स्टायपेंडमधून ताशी किती कापणार, काँट्रॅक्ट त्यांनी तोडलं तर माझ्या भाड्याचं काय, मी तोडलं तर माझ्याकडून काय घेणार. हे पाच प्रश्न मी फोनवर विचारत नाही, ईमेलवर विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. जिथून उत्तर यायला आठवडा लागतो तिथे पेरोलचं उत्तर यायला महिना लागणार, हे धरून चाल.

आणि जॉइंट कमिशनचं (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी संस्था) सर्टिफिकेट आहे का ते बघ, हेल्थकेअर स्टाफिंगसाठी ते २००४ पासून देतात. त्याने सगळं चांगलंच होईल असं नाही पण निदान कागदपत्रं ठेवायची शिस्त असते.

आता पोराच्या इन्शुरन्सचं. हे सगळ्यात आधी. काही एजन्सींचा इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून लागतो, काहींचा ३० दिवसांनी, काहींचा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. आणि जुना संपतो कधी, शेवटच्या शिफ्टला की महिनाअखेर, हे दोन्हीकडे लिहून घे. मधे गॅप पडलाच तर कोब्रा लक्षात ठेव, म्हणजे नोकरी सुटल्यावर तोच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय. निवडायला ६० दिवस मिळतात आणि घेतलास तर तो इन्शुरन्स संपल्याच्या दिवसापासून मागे जाऊन लागू होतो. म्हणजे गॅप दोन-तीन आठवड्यांचा असेल तर फॉर्म भरून ठेवायचा, आणि देव न करो पोराला इमर्जन्सीत न्यावं लागलं तरच पैसे भरायचे. महाग असतो, पण ते एका रात्रीच्या अ‍ॅडमिशनच्या बिलापुढे काहीच नाही. त्याचे इनहेलर आत्ताच ९० दिवसांचे भरून घे.

अजून एक. आपली कागदं आपल्याकडे ठेव. एमएमआर, व्हेरिसेला, हेप-बीचे टायटर, क्वांटिफेरॉन, बीएलएस, एसीएलएस, एनआयएच स्ट्रोक, फिजिकल. आणि या युनिटच्या चार्जकडून आणि मॅनेजरकडून रेफरन्स आत्ता, तिथे असतानाच, तुझ्या स्वतःच्या ईमेलवर घे. एजन्सी सोडल्यावर कोण कुणाला ओळखतं.

आयसीयू_कोल्हापूर

सॉरी ताई, मी घाईत लिहिलं. एक्स्टेन्शनचं ते कलम मला लागलं नव्हतं कारण मी एका हॉस्पिटलला दोनदा राहिलोच नाही कधी. मावशी म्हणतात ते बरोबर आहे, मी एकटा आहे, मला इन्शुरन्सचा एवढा विचार करावा लागत नाही.

पण एक सांगतो, ४०१के (निवृत्तीच्या बचतीचं खातं) बघा. तुम्ही भरलेले पैसे तुमचेच, पण एजन्सीने मॅच केलेले किती तुमच्या नावावर पक्के झालेत ते व्हेस्टिंगवर, म्हणजे तुम्ही तिथे किती वर्षं काढलीत त्यावर, असतं. मी एकदा दोन वर्षं पूर्ण व्हायला सहा आठवडे राहिले असताना सोडली आणि मॅच सगळी गेली. ते माझं चुकलं.

फीनिक्सचा_नवरा

मी नर्स नाही, बायको ट्रॅव्हल नर्स आहे, आमचे टॅक्स मी करतो, गेली आठ वर्षं, म्हणून हा धागा वाचत होतो. सगळ्यांनी सगळं चांगलं सांगितलं पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडकली आणि ती कोणीच बोललं नाही.

ताई, तुम्ही १३-१३ आठवड्यांची तीन केलीत, म्हणजे ३९ आठवडे. अजून १३ केलेत की ५२. पूर्ण वर्ष, एकाच गावात.

तुमचे ते ८४० आणि ४७४ टॅक्सशिवाय मिळतात ते एवढ्यासाठी की तुमचं टॅक्स होम (टॅक्सच्या हिशोबाने तुमचं कायमचं ठिकाण) ह्यूस्टनला आहे आणि कॅलिफोर्नियातलं काम तात्पुरतं आहे. आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) हिशोबाने तात्पुरतं म्हणजे एक वर्ष किंवा त्यापेक्षा कमी चालेल अशी खरोखर अपेक्षा असलेलं काम. त्यांच्या पब्लिकेशन ४६३ मधे स्पष्ट आहे. आणि त्यातला बारकावा असा की वर्ष उलटल्यावर नाही, ज्या दिवशी तुम्हाला कळतं की हे वर्षापेक्षा जास्त चालणार, त्या दिवसापासून स्टायपेंड टॅक्सेबल व्हायला लागतो. तुम्ही ५२ वर थांबलात तर नियमात बसता, पण मॅनेजर जर तुम्हाला आत्ताच म्हणत असेल की वर्षभर अजून थांब आणि तुम्ही मनात हो म्हटलं असेल, आणि तसे मेसेज असतील, तर तुम्ही काठावर उभ्या आहात.

एजन्सी बदलल्याने हे घड्याळ शून्यावर येत नाही. हॉस्पिटल बदलून त्याच गावात दुसरीकडे गेलात तरी येत नाही. जागा मोजतात, मालक नाही. ब्रेकरूममधे सांगतात की दोन आठवडे घरी जाऊन आलं की नवीन वर्ष सुरू, त्यावर विसंबू नका.

तुमचं टॅक्स होम भक्कम आहे असं मला वाटतं, घरचा हप्ता तिकडे, भाडं इकडे, म्हणजे दुहेरी खर्च आहे, नवरा मुलगा तिथे आहेत. तिसरा निकष म्हणजे घराच्या भागात थोडंफार काम करणं, त्यासाठी ह्यूस्टनला एखादं पीआरएन (लागेल तशा सुट्या शिफ्टचं काम) धरलंत, महिन्यातून दोन शिफ्ट, तर अजून बरं. माझी बायको दोन काँट्रॅक्टच्या मधे तेच करते.

अजून एक, स्टायपेंड जास्त आणि टॅक्सेबल कमी हे हातात छान वाटतं पण ओव्हरटाइम, डिसेबिलिटी, सोशल सिक्युरिटी, घराचं कर्ज, सगळं त्या छोट्या २६ वर मोजलं जातं. ओव्हरटाइमबद्दल २०२१ मधे नाइन्थ सर्किट कोर्टाने (पश्चिमेकडच्या राज्यांचं फेडरल अपील कोर्ट) एका मोठ्या एजन्सीच्या केसमधे म्हटलंय की पर डीएम (इथे अर्थ स्टायपेंड) जर तासांवर कमीजास्त होत असेल तर तो पगारच आहे आणि ओव्हरटाइमच्या दरात धरायला हवा. कॅलिफोर्निया त्याच सर्किटमधे येतं. शिफ्ट चुकली की तुमचा स्टायपेंड कापतात का ते बघा, कापत असतील तर ओव्हरटाइमचे स्टब परत काढून बसा. आणि काहीही सही करण्याआधी ट्रॅव्हल नर्सेसचं काम करणाऱ्या टॅक्सवाल्याशी अर्धा तास बोला, माझ्यावर जाऊ नका.

सांगलीकर_आरएन

काका (दादा?), तुमचं वाचून मी खरंच खाली बसले. मॅनेजरने मेसेजमधे लिहिलंय, अजून एक वर्ष थांबशील तर बरं. मी त्या मेसेजला अंगठ्याचा इमोजी टाकून हो म्हटलंय.

म्हणजे मी एवढे दिवस १६० डॉलरवर झोप घालवत होते आणि प्रश्न वेगळाच होता.

टाइमकार्डचं सांगते. काल मॅनेजरबरोबर बसून स्क्रीन बघितली. पाचही तारखांना 'नो लंच' अप्रूव्ह झालेलं आहे, हिरव्या खुणा. तिने मला प्रिंट काढून दिल्या, त्यावर सही करून. म्हणजे चूक एजन्सीच्या पेरोलची. मी त्या पाच पानांचा फोटो घालून थेट पेरोलला ईमेल केली, रिक्रूटरच्या मॅनेजरला सीसी, आणि त्यातच लिहिलं की मला दुसरी रिक्रूटर द्या. माझे हात थरथरत होते लिहिताना, मला असं भांडायची सवय नाही, वॉर्डला असताना मेट्रनसमोर आमचा आवाज फुटायचा नाही.

मिरजेची_मावशी_न्यूजर्सी

भांडण नाही गं ते. नाइट केलीस, उपाशी राहिलीस, त्याचा पगार मागितलास. मेट्रन माझ्या वेळी पण तशाच होत्या.

नाइटशिफ्ट_पुणे

ताई ईमेल एकदम बरोबर केलीत. आता ४८ तासांत काय उत्तर येतं आणि कोणाकडून येतं ते बघा, एजन्सी कशी आहे ते त्यावरूनच कळेल.

दुसरीकडे प्रोफाइल मात्र आत्ताच उघडून ठेवा, एक किंवा दोन एजन्सी, जास्त नको. सगळ्या एजन्सींकडे सगळी हॉस्पिटल नसतात. एखाद्या हॉस्पिटल ग्रुपचं एमएसपी ज्या एजन्सीकडे असतं तिला जागा आधी दिसतात, बाकीच्यांना उशिरा. म्हणून दोन ठिकाणी फाईल तयार असली की पर्याय दुप्पट होतात आणि कोणाला सोडावंही लागत नाही. तुमच्या आधीच्या रिक्रूटरला पण विचारा, पण मावशींचे ते पाच प्रश्न तिलाही विचारा. ती स्वतःहून तुम्हाला बोलावू शकत नसेल, आमच्या करारात तशी बंदी असते बऱ्याचदा, तुम्ही स्वतःहून फोन केला तर वेगळं.

टेक्सस काँपॅक्टमधे (एकाच लायसन्सवर बऱ्याच राज्यांत काम करता येतं असा राज्यांचा करार) आहे, त्यामुळे अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोराडो, कुठेही नवीन लायसन्सशिवाय जाता येईल. कॅलिफोर्नियाचं लायसन्स चालू ठेवा, ते काँपॅक्टमधे नाही आणि परत काढायचं म्हणजे फिंगरप्रिंटपासून सगळं आलं.

फीनिक्सचा_नवरा

अ‍ॅरिझोनाला येणार असाल तर सांगा, बायको सांगेल कुठल्या भागात राहायचं. आणि दादा म्हटलंत तरी चालेल, मी ४१ चा आहे.

सांगलीकर_आरएन

दादा :) सगळ्यांसाठी अपडेट, तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

पेरोलकडून तिसऱ्या दिवशी फोन आला. पाचही शिफ्टचे पैसे पुढच्याच चेकमधे आले, माफी पण मागितली. नवीन रिक्रूटर दिली, ती फोनवर मोजकं बोलते, बदाम वगैरे पाठवत नाही, पण आकड्यांची फोड मागितली तर तासाभरात एक्सेलशीट आली. त्यात बिल रेट खरंच कमी झालेला होता, पण दोनशे एवढा नाही, तिने २१६० पर्यंत नेलं.

तरी मी एक्स्टेन्शन घेतलं नाही. टॅक्सवाल्या बाईंशी बोलले, ह्यूस्टनच्याच आहेत, त्यांनी मॅनेजरचा तो मेसेज आणि माझा अंगठा बघून सरळ सांगितलं की यावर पैज लावू नका, उठा तिथून. मॅनेजरला सांगताना वाईट वाटलं. तिने मला रेफरन्स लिहून दिला, माझ्या ईमेलवर.

जुन्या एजन्सीकडे टेलीचं त्या तारखांना जवळ काही नव्हतं, नवीन रिक्रूटरने स्वतःच तसं सांगितलं, उगाच लांबचं काही गळ्यात मारलं नाही, म्हणून ती फाईल उघडीच ठेवलीय. ४०१के ची मॅच एप्रिललाच पक्की झाली होती, ते बघून घेतलं. आधीच्या रिक्रूटरला फोन केला, खूप वेळ बोललो, पण तिच्या नवीन एजन्सीचा इन्शुरन्स ३० दिवसांनी लागतो आणि कॅन्सल झालेल्या शिफ्टचं कागदावर काहीच नाही, तेव्हा तिला नाही म्हणावं लागलं. ती म्हणाली बरोबर करतेयस.

शेवटी तिसरीच एजन्सी घेतली, जिने पाचही प्रश्नांची उत्तरं एका दिवसात लिहून पाठवली. टूसॉनला १३ आठवडे, १९४० आठवड्याला, कमी आहे मान्य, आणि रेशोचा कायदा तिकडे नाही त्यामुळे पाच पेशंट धरून चालतेय, इंटरव्ह्यूत मॅनेजरला विचारलं तर तिने लपवलं नाही. पण ह्यूस्टन जवळ पडतं, महिन्यातून दोनदा घरी येता येईल, आणि राहायला फीनिक्सच्या वहिनींनी सुचवलेली खोली ७५० ला मिळाली. इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून. जुना महिनाअखेरपर्यंत आहे, एचआरकडून लिहून घेतलं, मधे सहाच दिवस उरतात, कोब्राचा फॉर्म भरून फ्रिजवर लावलाय.

मधले नऊ दिवस घरी आहे. मुलाने मखर करायला घेतलंय, सगळीकडे थर्माकोल नको म्हणून पुठ्ठ्याचं, आणि सासूबाई मोदकाची उकड मलाच काढायला सांगतायत. मावशी, तुमचा नंबर मेसेजमधे द्या ना, मिरजेत कुठल्या वॉर्डला होतात ते विचारायचंय.